डाग पुसण्याची घाई

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एका कुटुंबाची बातमी देशभरातील वृत्तपत्रांत झळकली. आई आणि तिच्या दोन मुली, अशा एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला होता. कारणाचा माग काढत डॉक्टर शेवटी चेहऱ्याला लावायच्या एका क्रीमपर्यंत पोहोचले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तज्ज्ञांच्या मदतीने तपासणी झाली आणि त्या क्रीममध्ये पारा सापडला, तोही अनुज्ञेय मर्यादेच्या कितीतरी पट. त्याच सुमारास केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात अशाच रुग्णांचा अभ्यास मांडला. मूत्रपिंडाच्या गाळणीच्या पटलाला इजा झालेल्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत एक विशिष्ट, एरवी विरळा आढळणारा प्रकार दिसला. त्या १५ पैकी १३ जण त्वचा उजळवणारी क्रीमे वापरत होते.

अशा बातम्यांखाली ‘गोरेपणाचे वेड’ एवढा शेरा मारून आपण पुढे सरकतो. हा शेरा मला अपुरा वाटतो. वसतिगृहांत, प्रयोगशाळांत, वर्गांत मला भेटणाऱ्या कितीतरी मुलामुलींना गोरे व्हायचे नसते. त्यांना मुरमे गेल्यावर गालांवर उरलेले काळे ठिपके नकोसे झालेले असतात. इसब बरे झाल्यावर कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खोबणीत राहिलेला करडा पट्टा लपवायचा असतो. ही मागणी रास्त आहे. परंतु बाजारात तिला मिळणारे उत्तर बहुधा तेच असते, जे गोरेपण मागणाऱ्याला मिळते. डाग घालवणे आणि रंग उजळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकासाठी दुसऱ्याचे हत्यार उचलले की काय होते, ते अकोल्यात दिसले. मी त्वचारोगतज्ज्ञ नव्हे, भौतिकशास्त्राची संशोधक आहे. तरीही हा विषय प्रकाश, रंग आणि काळ यांचा असल्यामुळे त्याविषयी चार गोष्टी मांडण्याचे धाडस करते.

प्रथम डाग म्हणजे काय, ते पाहू. बाह्यत्वचेच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात आणि त्याच्या सूक्ष्म पुड्या आजूबाजूच्या पेशींना वाटून देतात. एक रंगपेशी साधारण छत्तीस पेशींना रंग पुरवते. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो पुड्यांच्या आकारात, त्यांच्या मांडणीत आणि रंगपेशींच्या तत्परतेत. मुरूम, इसब, भाजणे, खरचटणे, कीटकदंश, कोणत्याही कारणाने दाह झाला की तेथील पेशी रासायनिक संदेश सोडतात. सावळ्या त्वचेतील रंगपेशी हे संदेश ऐकून अधिक जोमाने काम करू लागतात. दाह ओसरतो, पण जास्तीचे रंगद्रव्य मागे उरते. ज्याला आपण डाग म्हणतो तो स्वतंत्र रोग नसतो. होऊन गेलेल्या दाहाची ती नोंद असते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. मुरूम गेल्यावर राहणारा खड्डा किंवा उंचवटा म्हणजे वण. तेथे त्वचेची घडणच बदललेली असते आणि केवळ क्रीम लावून ती पूर्ववत होत नाही. सपाट, तपकिरी किंवा करडा ठिपका म्हणजे डाग. तेथे घडण शाबूत असते, फक्त रंग वाढलेला असतो. वांग ही आणखी वेगळी गोष्ट, आणि तिची कारणेही वेगळी. दुकानातल्या खोक्यावर मात्र वण, डाग, वांग, काळवंडणे हे सारे शब्द एकाच ओळीत सुखाने नांदत असतात.

डाग किती खोल आहे, हा पुढचा प्रश्न. रंगद्रव्य बाह्यत्वचेतच असेल तर डाग तपकिरी दिसतो. दाह तीव्र असला, मुरूम फोडले किंवा इसब सतत खाजवले, तर रंगद्रव्य खाली अंतस्त्वचेत झिरपते आणि तेथील भक्षक पेशी ते गिळून बसतात. तेव्हा तोच तपकिरी पदार्थ वरून पाहणाऱ्याला निळसर करडा दिसतो. याचे कारण प्रकाशाचे विकिरण. त्वचेत शिरलेला निळा प्रकाश वरच्या थरांतच विखुरला जाऊन डोळ्यांकडे परततो. लांब तरंगांचा तांबडा प्रकाश खोलवर जातो आणि तेथील मेलॅनिनमध्ये शोषला जातो. परतणाऱ्या प्रकाशात तांबडा कमी पडतो, म्हणून निळसर छटा उरते. जुने गोंदण निळसर दिसते त्याचेही कारण हेच.

खोली ओळखण्यासाठी दवाखान्यात जो दिवा वापरतात, तोही भौतिकशास्त्राचीच देणगी आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०३ मध्ये दृश्य प्रकाश अडवून अतिनील किरण जाऊ देणारी काच तयार केली. पुढे तिचा उपयोग त्वचेच्या परीक्षणासाठी होऊ लागला आणि ‘वुडचा दिवा’ हे नाव रूढ झाले. वरच्या थरातील डाग या दिव्याखाली अधिक ठळक होतो, खोलवरचा होत नाही. फार सावळ्या त्वचेवर हा फरक नीट दिसत नाही, ही त्याची मर्यादा.

या खोलीवरच डागाचे आयुष्य अवलंबून असते. बाह्यत्वचेच्या पेशी तळापासून वर सरकत साधारण चार ते सहा आठवड्यांत झडतात आणि सोबत रंगद्रव्यही नेतात. नवा दाह झाला नाही आणि उन्हाने पुन्हा चेतवले नाही, तर वरच्या थरातील डाग सहसा सहा महिने ते वर्षभरात पुष्कळ फिका पडतो. खोलवरच्या डागाला वर्षे लागू शकतात. म्हणजे पुष्कळसे डाग काहीही न लावता विरळ होत जातात, फक्त आपल्या अपेक्षेपेक्षा सावकाश.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. एखादी गोष्ट आपोआप कमी होत असेल, तर त्या काळात जे काही लावाल ते गुणकारी ठरते. हळद लावली, हळदीला श्रेय. कोरफड लावली, कोरफडीला श्रेय. दोन हजार रुपयांची बाटली लावली, तर बाटलीला. आपण औषधाची निवडही नेमकी तेव्हा करतो, जेव्हा डाग सर्वांत गडद असतो. त्यानंतर तो उतरणारच असतो. म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ची दोन छायाचित्रे हा पुरावा नव्हे. दोन्ही चित्रांतील प्रकाश, कोन आणि कॅमेऱ्याची मांडणी सारखी होती का, हा प्रश्न त्याहून पुढचा. नियंत्रण गट नसेल, तर क्रीमने काय केले आणि काळाने काय केले, हे वेगळे काढता येत नाही. त्वचेच्या संशोधकांनी यावर सुरेख उपाय शोधला आहे: एका गालावर औषध, दुसऱ्या गालावर औषध नसलेले तेच मलम, आणि कोणत्या गालावर काय आहे ते ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. जाहिरातीतील दावा अशा चाचणीतून गेला आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी बाजारातील पुष्कळ बाटल्या निरुत्तर होतील.

काहीच करायचे नाही, असा याचा अर्थ नाही. करायचे ते क्रमाने करावे. माझे घर झाशीचे. मराठी अमलाच्या काळापासून या शहरात मराठी घरे नांदत आली आहेत, आणि महालक्ष्मी मंदिराजवळचा लक्ष्मी ताल त्यांना परिचित आहे. याच परिसरात राणी लक्ष्मीबाईंनी गंगाधररावांची छत्री उभारली. या तलावाची अलीकडची कथा बोधप्रद आहे. शहरातील नाल्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात येत राहिले, पाण्यावर जलपर्णी माजली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. जलपर्णी काढता येते, पण नाले वाहते असतील तर ती पुन्हा पसरणारच. आधी सांडपाणी वळवावे लागते, शुद्ध करावे लागते. चेहऱ्याचे गणित निराळे नाही. नवी मुरमे येत असताना जुन्या डागांवर क्रीम लावत राहणे म्हणजे नाला चालू ठेवून जलपर्णी उपसणे होय.

म्हणून मुरमांवर नेमका उपचार हाच डागांवरचा पहिला उपचार असतो. बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडॅपलीन, गरज पडल्यास पोटातून घ्यायची औषधे, हे तज्ज्ञाने ठरवावे. मुरूम न फोडणे हे मात्र आपल्या हाती आहे. इसबाच्या बाबतीत तर एक उलटा गैरसमज पाहायला मिळतो. इसबावर डॉक्टर स्टेरॉइडचे मलम देतात. इसब ओसरल्यावर तेथे काळसर पट्टा दिसतो. मग ‘मलमाने कातडे काळे पडले’ असा निष्कर्ष निघतो आणि मलम बंद होते. वास्तविक काळेपण दाहाने आणि खाजवण्याने आलेले असते. मलम सोडल्यावर खाज परत येते, खाजवणे परत येते आणि पट्टा अधिक गडद होतो. योग्य जागी, योग्य तीव्रतेचे, ठरावीक दिवस लावलेले स्टेरॉइड इसबात आवश्यक असते. तेच औषध डाग उजळवण्यासाठी महिनोन्महिने चेहऱ्यावर चोळले की विघातक ठरते. औषध एकच, पण प्रयोजन बदलल्यावर ते अपायकारक होते. ‘स्टेरॉइड वाईट’ हे घोषवाक्य म्हणूनच मला मान्य नाही; ते इसबाच्या रुग्णांचे नुकसान करते.

दुसरे काम प्रकाशापासून संरक्षण. याच तलावाच्या काठावर २१ जूनला भर दुपारी उभे राहा. झाशीचे अक्षांश सुमारे साडेपंचवीस; त्या दिवशी सूर्य माथ्यापासून जेमतेम २ अंश ढळलेला असतो. सव्वाबाराच्या सुमारास १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाची सावली साधारण साडेपाच सेंटिमीटर पडते, म्हणजे जवळजवळ पायाखालीच. डिसेंबरअखेरीस त्याच जागी, मध्यान्हीदेखील सावली माणसापेक्षा लांब असते. सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हा अतिनील किरणांचा मारा तीव्र असतो, ही खूणगाठ कोणत्याही उपकरणाविना वापरता येते.

पण अतिनील किरण ही अर्धीच कथा. २०१० मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथील संशोधकांनी दाखवून दिले की सावळ्या त्वचेवर केवळ दृश्य प्रकाशानेही रंग गडद होतो आणि तो दीर्घकाळ टिकतो. गोऱ्या त्वचेवर तसे घडले नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधील नीस येथील गटाने रंगपेशींमध्ये निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारे एक प्रथिन ओळखले. याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. सनस्क्रीनच्या बाटलीवरचा ‘एसपीएफ’ हा आकडा त्वचा लाल होण्यावरून मोजला जातो, काळी पडण्यावरून नव्हे. आणि तर्क अगदी सोपा आहे: जे सनस्क्रीन लावल्यावर डोळ्यांना दिसतच नाही, त्यातून दृश्य प्रकाश आरपार जातो, म्हणून तर ते दिसत नाही. दृश्य प्रकाश अडवायचा असेल तर थराला रंग हवा. लोहाची ऑक्साइडे घातलेली, त्वचेच्या रंगाची सनस्क्रीने हे काम करतात. सावळ्या वर्णाच्या देशात मात्र पांढरट किंवा अदृश्य सनस्क्रीनचीच जाहिरात अधिक होते.

प्रमाणाचेही गणित पाहा. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेले असते. चेहऱ्याचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर धरले तर एका वेळी १.२ ग्रॅम लागते. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दिवसाला एकदाच लावली तरी सहा आठवड्यांत संपायला हवी. आपली ट्यूब सहा महिने पुरत असेल, तर आपण काय लावतो आहोत ते उघड आहे. शोषण थराच्या जाडीनुसार घातांकी पद्धतीने बदलते. पूर्ण थरातून पन्नासावा हिस्सा किरण आत जात असतील, तर आदर्श स्थितीत अर्ध्या थरातून सातवा हिस्सा आत जाईल. म्हणजे ५० चे संरक्षण २५ वर नव्हे, ७ वर येते. प्रत्यक्षातील थर असमान असल्याने नेमका आकडा बदलेल, दिशा बदलणार नाही. हा खर्च प्रत्येकाला परवडणारा नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी छत्री, रुंद काठाची टोपी, घट्ट विणीचा दुपट्टा ही कमी प्रतीची साधने नव्हेत. दृश्य प्रकाश तर ती पारदर्शक सनस्क्रीनपेक्षा अधिक अडवतात. खिडकीची साधी काच मात्र फसवी असते: त्वचा लाल करणारे किरण ती बव्हंशी रोखते, रंग गडद करणारे लांब तरंगांचे अतिनील किरण आणि दृश्य प्रकाश आत येऊ देते.

जाता जाता मोबाइलच्या ‘निळ्या प्रकाशा’विषयी. उन्हाळ्यातील उघड्यावरचा प्रकाश एक लाख लक्सच्या घरात असतो. मोबाइलच्या पडद्याचा चेहऱ्यावर पडणारा प्रकाश शेकड्याच्या आसपासच घोटाळतो. पडद्यापासून त्वचेला वाचवणारे महागडे क्रीम विकत घेण्यापूर्वी या दोन आकड्यांचे गुणोत्तर काढून पाहावे.

दाह थांबला, प्रकाश आवरला, की मग डाग लवकर फिका करणाऱ्या औषधांची पाळी येते. अशी औषधे आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. अझेलेइक आम्ल मुरूम आणि डाग दोहोंवर काम करते. ट्रेटिनॉइनसारखी रेटिनॉइडे पेशींची उलाढाल वाढवतात. गरोदरपणात ती टाळतात आणि जास्त लावली तर त्वचा जळजळून नवेच डाग पडतात. नायसिनामाइड सौम्य असते, परिणामही सौम्यच. हायड्रोक्विनोन हे मेलॅनिन घडवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला रोखते आणि प्रभावी आहे. पण ते देखरेखीखाली, मर्यादित महिनेच वापरायचे असते, अन्यथा दीर्घ वापराने त्वचेवर निळसर काळा, सहजी न जाणारा रंग चढू शकतो. रासायनिक सोलणी जाणकाराच्याच हातून करून घ्यावी.

लेसरचे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले: ज्या पदार्थाला लक्ष्य करायचे तो जी तरंगलांबी अधिक शोषतो ती निवडावी, आणि उष्णता शेजारी पसरण्याआधीच स्पंद संपवावा. तत्त्व देखणे आहे. सावळ्या त्वचेत अडचण अशी की डागातील मेलॅनिन आणि भोवतालचे मेलॅनिन हा एकच पदार्थ आहे. लेसरला दोहोंतला भेद कळत नाही. भोवतालची त्वचा तापते, दाह होतो आणि ज्या डागासाठी गेलो तोच नव्याने मिळतो. कुशल हात आणि योग्य तरंगलांबी असेल तर हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. घरगुती प्रयोगांतही हीच विटंबना होते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्यातील द्रव्ये अतिनील किरणांनी चेततात, त्वचा भाजते आणि काळे चट्टे उठतात. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांनी होणारा क्षोभही रंगपेशींच्या दृष्टीने दाहच असतो.

आता घाईविषयी. सहा महिन्यांचे काम सहा दिवसांत करून दाखवणारी दोन द्रव्ये बाजारात फिरतात: जोरकस स्टेरॉइड आणि पारा.

१९७५ मध्ये अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण डागांसाठी सुचवले. वैद्यकीय देखरेखीखाली, थोड्या काळासाठी ते आजही वापरले जाते. आपल्याकडे अशाच मिश्रणाच्या ट्यूबा ‘गोरे करणारे क्रीम’ म्हणून विनाचिठ्ठी विकल्या गेल्या. स्टेरॉइडने पहिल्या आठवड्यातच चेहरा नितळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे उसळतात, केस वाढतात; आणि क्रीम थांबवताच चेहरा लाल होऊन भाजू लागतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील अनेक केंद्रांवर झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सातत्याने आवाज उठवला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा मलमांना असलेली सूट काढून ती अनुसूची एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीविना न विकायच्या औषधांत, आणली. कायदा झाला, काउंटरवर चिठ्ठी मागितली जाते का, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या दुकानापुरते स्वतःच पाहावे.

पाऱ्याची रीत अधिक कपटी. टायरोसिनेज या विकराच्या गाभ्यात तांबे असते. पारा त्याची जागा घेऊन विकर निकामी करतो, म्हणून त्वचा झपाट्याने उजळते. मात्र पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. तेथील गाळणीच्या पटलावर प्रतिपिंडांचे थर बसतात, प्रथिने लघवीतून वाहून जातात, लघवीला फेस येतो, पाय आणि चेहरा सुजतो. कोट्टक्कलच्या अभ्यासातील दिलासा इतकाच की क्रीम थांबवल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली. आपल्या देशातील नियमांनुसार सामान्य प्रसाधनांत नकळत आलेल्या पाऱ्याची मर्यादा दहा लाख भागांत एक भाग आहे. भारत २०१८ पासून पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराचा सदस्य आहे, आणि २०२३ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत पारा घातलेली सर्व प्रसाधने २०२५ पर्यंत थांबवण्याचे ठरले. नावगाव नसलेल्या, घटक न छापलेल्या डब्यांना मात्र ना नियम माहीत असतात, ना करार.

यावर कुणी म्हणेल, मग चेहऱ्याचा एवढा सोस कशाला? डाग असले तर असू द्यावेत. हा उपदेश मला निष्ठुर वाटतो. ज्या समाजात वधूवरांच्या माहितीपत्रकात वर्णाचा रकाना असतो, जेथे नातेवाईक भर कार्यक्रमात ‘चेहऱ्याला काय झाले’ असे विचारतात, तेथे डागाची चिंता करणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला उथळ ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही. ‘फेअर अँड लव्हली’ने १९७५ पासून मिरवलेला ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये गाळला. पण बाजाराने नंतर उचललेले ‘उजळ’, ‘तेज’ आणि ‘नितळ’ हे शब्द त्याच रकान्यात भरले जातात. डाग घालवण्याची इच्छा चुकीची नाही. तिला ‘तुझा मूळ रंगच दोष आहे’ असे उत्तर देणे चुकीचे आहे. उपचाराचे ध्येय इतकेच असावे की डागाचा रंग भोवतालच्या त्वचेशी जुळावा. त्यापुढे जाऊन त्वचा मूळ रंगापेक्षा उजळ करण्याचे वचन जो देतो, तो उपचार सोडून दुसरेच काही विकतो आहे.

मला तीन गोष्टी व्हाव्यात असे वाटते. अन्न व औषध प्रशासनाने ब्यूटी पार्लर आणि आठवडी बाजारांतील निनावी क्रीमांचे नमुने नियमित तपासावेत आणि निष्कर्ष लोकांना कळतील असे प्रसिद्ध करावेत. क्ष-किरण प्रतिदीप्तीवर चालणारे हातात मावणारे उपकरण डबीतील पाऱ्याचा प्राथमिक अंदाज काही मिनिटांत देऊ शकते. सनस्क्रीनवर दृश्य प्रकाशापासून मिळणाऱ्या संरक्षणाची नोंद असावी आणि तिची चाचणी सावळ्या त्वचेवर व्हावी. त्वचेचे प्रकार ठरवणारी फिट्झपॅट्रिक यांची १९७५ ची श्रेणी मुळात गोऱ्या त्वचेसाठीच तयार झाली, सावळ्या वर्णांचे प्रकार तिच्यात मागाहून जोडले गेले. आपली मोजमापे आपण केव्हा घडवणार? आणि तिसरे, महाविद्यालयांच्या आरोग्य तपासणीत त्वचेलाही जागा मिळावी. मुरमांवर वेळीच उपचार झाला, तर डागांचा प्रश्न पुष्कळ अंशी उद्भवतच नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी कुणी आज एखादे क्रीम वापरत असाल, तर ट्यूब उलटून घटक वाचा. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ असलेले मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसले आणि ते चिठ्ठीविना घेतलेले असेल, तर अचानक बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. जिल्हा रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागातही हे होऊ शकते. डबीवर घटकच छापलेले नसतील तर ती आजच थांबवा. पायाला सूज किंवा लघवीला फेस असेल तर लघवीची साधी तपासणी करून घ्या, आणि डबी फेकू नका, डॉक्टरांना दाखवण्यासाठी बंद पिशवीत ठेवा. घटक स्वच्छ असतील, मुरमे आटोक्यात असतील आणि डाग महिन्यागणिक थोडा थोडा विरळ होत असेल, तर उपचार योग्य मार्गावर आहे. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी एक छायाचित्र काढा आणि मधल्या दिवसांत आरशाकडे थोडे कमी पाहा.